पहारा खालच्या गावाचा

मासा पहाटे मरतो. पंचगंगेच्या काठावर कुणालाही विचारा. एप्रिल-मेमध्ये तेरवाडच्या बंधाऱ्याला पाणी अडलेलं असतं, वरून येणारी धार नावापुरती असते आणि उजाडता उजाडता मासे पाण्यावर तोंड काढून आ वासताना दिसतात. पाण्यातलं शेवाळ आणि जिवाणू रात्रभर प्राणवायू खात असतात, नवा प्राणवायू मात्र ऊन पडल्यावरच तयार व्हायला लागतो. त्यामुळे चोवीस तासांत नदीचा श्वास सर्वांत जास्त कोंडतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नमुना घेणारा माणूस येतो तो ऑफिस उघडल्यावर, गाडी मिळाल्यावर, म्हणजे अकरा-बाराला. तोवर ऊन चढलेलं असतं आणि प्राणवायूचा आकडा थोडाफार वर सरकलेला असतो. त्याच्या बाटलीत भरलं जातं ते पाणी खोटं नसतं, फक्त उशिराचं असतं.

नदी वाचवायला लोकसहभाग हवा, यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. मंत्र्यांपासून महाविद्यालयाच्या एनएसएसपर्यंत सगळे तेच म्हणतात. एवढं एकमत झालं की मला शंका येते, कारण प्रत्येकाच्या मनातला लोकसहभाग वेगळा असतो. सरकारच्या मनातला म्हणजे रविवारी सकाळी टोप्या घालून घाट झाडणं, जलपर्णी ओढून काढणं, संध्याकाळी आरती. यात वाईट काही नाही. जलपर्णी ओढायला कंबर मोडते, ती ओढणाऱ्यांना मी हसणार नाही. पण जलपर्णी वाढते ती मैल्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. खत घालणारा हात चालूच राहिला आणि आपण तण उपटत बसलो, तर ते श्रमदान राहत नाही, बिनपगारी नोकरी होते. नदीला लोकांचे हात थोडे हवेत, डोळे जास्त हवेत, आणि ते डोळे खालच्या गावाचे हवेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

खालच्या गावाचे का, ते नकाशा पाहिला की कळतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती अशा पाच जणी प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून सुमारे ८० किलोमीटरवर नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. ८० किलोमीटर म्हणजे नद्यांच्या हिशेबात अगदीच आखूड आयुष्य. एवढ्या अंतरात ती कोल्हापूर बघते, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींचा शेजार सोसते, साखर कारखान्यांच्या कडेने जाते, इचलकरंजीच्या कापडधंद्यातल्या प्रोसेस आणि सायझिंगचं पाणी पोटात घेते आणि मग शिरोळ तालुक्यात उतरते. कोल्हापूर शहर पिढ्यान्‌पिढ्या पाणी उचलत आलं ते बालिंगा आणि शिंगणापूरच्या बाजूला, म्हणजे शहराच्या वर. शहराचं सांडपाणी घेऊन जयंती आणि दुधाळी नाले नदीला भेटतात ते त्याच्या खाली. म्हणजे वर प्यायचं आणि खाली सोडायचं. कोल्हापूरकराने आपला नाला स्वतः कधी प्यायलाच नाही, तो इचलकरंजीकर प्यायला. इचलकरंजीचा काळा ओढा प्यायला शिरोळ-कुरुंदवाड. (ओढ्याचं नावच काळा ओढा आहे, यापुढे कुठला अहवाल हवा?) आणि सगळ्यांच्या खाली नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात पुराचं पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडतं तेव्हा त्या पाण्यात अंघोळीला झुंबड उडते. वरच्या सगळ्या गावांनी सोडलेलं सगळं त्या तीर्थात असतं.

कुणी दुष्ट आहे म्हणून हे घडलेलं नाही. पाणी उतारानं वाहतं आणि उताराला न्याय-अन्याय कळत नाही. पण यातून एक गोष्ट ठरून जाते. नदी घाण करणाऱ्याला तिची घाण सोसावी लागत नाही आणि सोसणाऱ्याला घाण करणाऱ्याच्या नगरपालिकेत मत नसतं. आपली लोकशाही वॉर्डात आणि मतदारसंघात वाटलेली आहे, नदी तशी वाटली जात नाही. शिरोळचा माणूस कोल्हापूरच्या नगरसेवकाला पाडू शकत नाही. म्हणून शहरवासीयांमध्ये जागृती करणं हे काम चांगलं असलं तरी भाबडं आहे. ज्याला वास येत नाही, त्याला वास घ्यायला शिकवण्यात आपण पन्नास वर्षं घालवली. ज्याला वास येतो, त्याच्या हातात मात्र काही दिलं नाही.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक वळण आलं. कोल्हापूरने नदी प्यायचं जवळजवळ सोडलं. काळम्मावाडी धरणातून पन्नासेक किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकली गेली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं. लोकांनी फटाके वाजवले आणि त्यांचा आनंद खराच होता. इचलकरंजीची कहाणी जास्त बोचरी आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून काविळीची साथ आली, हजारो आजारी पडले आणि माणसं गेली. त्यानंतर शहराने दुसऱ्या नद्यांकडे हात पसरले. आधी वारणा. तिथे वारणाकाठचे दानोळीकर आडवे आले. मग सुळकूडहून दूधगंगा. तिथे कागल तालुका आडवा आला. काळम्मावाडी धरणही दूधगंगेवरच आहे. म्हणजे पंचगंगेकाठची दोन मोठी शहरं आपली नदी नासवून एकाच शेजारणीच्या दारात घागर घेऊन उभी. दानोळीकरांनी विचारलं, तुमची नदी आधी स्वच्छ का करत नाही? या प्रश्नाला स्वार्थी म्हणणं सोपं आहे. त्याला उत्तर देणं कुणाला जमलेलं नाही.

तहानलेल्या इचलकरंजीला पाणी मिळायलाच हवं. चार-सहा दिवसांनी नळ येतो त्या घरातल्या बाईला नदीचं तत्त्वज्ञान सांगायला मी जाणार नाही. पण शहर नदी प्यायचं सोडतं तेव्हा नदीचा एक रखवालदार कमी होतो. घशाशी येणारं संकट पाईपलाईनने टळतं आणि मग उरतो तो फक्त ‘पर्यावरणाचा प्रश्न’. त्याला आपल्याकडे ५ जून हा एक दिवस दिलेला आहे.

लोक ऐकत नाहीत, लोकांनाच शिस्त नाही, असं अधिकारी खासगीत म्हणतात. त्यांना मी कोल्हापूरचा गणेशोत्सव दाखवेन. मूर्तिदान आणि निर्माल्यदानाची कल्पना इथे पहिल्यांदा निघाली तेव्हा धर्म बुडाला म्हणून ओरड झाली होती. पुढे घरोघरच्या बायकांनी गौरी-गणपती कुंडात सोडायला सुरुवात केली, तालमी आणि मंडळांच्या मोठ्या मूर्ती पंचगंगेऐवजी इराणी खण या जुन्या दगडखाणीकडे वळल्या. तालीम मंडळाची ईर्ष्या काय असते हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. ती ईर्ष्या वळवता आली, म्हणजे लोक बदलतात. पण तिथे ते का बदलू शकले? मूर्ती त्यांच्या हातात होती. ती कुठे सोडायची हे त्या दिवशी, त्या क्षणी त्यांनाच ठरवायचं होतं. मैल्याचं तसं नाही. बेसिनमधून पाणी गेलं की ते महापालिकेचं होतं. कसबा बावड्याला दिवसाला ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं केंद्र आहे, दुधाळीला १७ दशलक्षचं. ती केंद्रं किती तास चालली, नाल्यावरचे पंप कितीदा बंद पडले आणि तेवढा वेळ नाला सरळ नदीत गेला का, हे घरात बसलेल्या माणसाला कळायला वाट नाही. जिथे हात पोचतो तिथे लोकांनी काम केलं. जिथे हात पोचत नाही तिथे त्यांना निदान बघू तरी द्या.

आता बघणार कोण? नदीवर चोवीस तास कोण असतं? आपल्याकडे याचं उत्तर तयार आहे, आपण त्याच्याकडे कधी त्या नजरेने पाहिलं नाही. पंचगंगेच्या दोन्ही काठांना उपसा सिंचनाच्या सहकारी संस्था आहेत, आम्ही त्यांना नुसतं ‘इरिगेशन’ म्हणतो. प्रत्येक संस्थेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीत आणि त्या जॅकवेलवर एक पंप ऑपरेटर. वीज रात्रीची असते म्हणून तोही रात्रीचा जागा. पाण्याचा रंग कधी बदलला, फेस कधी आला, मळीचा वास कुठल्या वाऱ्यावर आला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. “आज पाण्याला गोडूस वास हाय, वरनं कायतरी सोडलंय बघा,” असं तो सहज बोलून जातो आणि त्याचं बोलणं कुठल्याच रजिस्टरला जात नाही. त्याच्याकडे लॉगबुक असतंच: मोटार किती वाजता सुरू, किती वाजता बंद. त्यात एक रकाना वाढवायचा, पाण्याचा. रंग, वास, फेस, मासे, वेळ. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ या बंधाऱ्यांच्या आसपासच्या संस्थांनी एवढंच केलं आणि सगळ्यांनी ते एकमेकांना कळवलं, तर घाणीचा लोंढा कुठून सुटला आणि किती तासांनी कुठे पोचला, हे कागदावर दिसायला लागेल. पुराच्या दिवसांत याच बंधाऱ्यांची पातळी तासातासाला जिल्हाभर फिरते. राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली हे शाळेतलं पोरही सांगतं. तीच वाट उन्हाळ्यात ओस पडलेली असते.

दुसरी माणसं म्हणजे गावातल्या बायका. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे, त्यासाठी संच दिलेले आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वेगळाच. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड द्यायची पद्धत महाराष्ट्रात रुळलेली आहे. लाल कार्ड मिळालं की सरपंचाची मान खाली जाते, पुढच्या वेळी टाकीभोवतीचा उकिरडा हलतो. हे कार्ड विहिरीला आणि टाकीला मिळतं, बंधाऱ्याला का नाही? प्रत्येक बंधाऱ्याच्या भिंतीवर महिन्याचा रंग रंगवा. आंघोळीच्या पाण्यासाठीचं मोजमाप देशात ठरलेलं आहे: प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, जास्तीत जास्त ३. दोन आकडे. उसाचा दर, रिकव्हरी आणि तोडणी-वाहतूक तोंडावर हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याला दोन आकडे अवघड नाहीत.

इथे जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो खरा आहे. बाईने किंवा पंपवाल्याने घेतलेला नमुना कोर्टात टिकत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे: नोटीस, दोन भाग, मोहोर, सह्या. ती पाळली नाही तर तो पुरावा नाही. मान्य. पण वाड्यावरचा कुत्रा कोर्टात साक्ष देत नाही म्हणून आपण त्याला हाकलत नाही. तो भुंकला की मालक उठतो. गावाच्या नोंदीचं कामही तेवढंच: कुठे, कधी आणि किती वाजता यायचं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगणं आणि न आल्यास ते आले नाहीत याची तारीख लिहून ठेवणं. त्याच कायद्यात कलम ४९ आहे. त्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः फौजदारी तक्रार करू शकतो, आणि तशी तक्रार केल्यावर मागितल्यास मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यायचे असतात. कलम २५ प्रमाणे सांडपाणी सोडायला कुणाला काय अटींवर परवानगी दिली याची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि त्या सोडण्याची झळ ज्याला बसते त्याला ती उघडून दाखवायची. पन्नास वर्षांत ही वही किती सरपंचांनी उघडायला लावली असेल? माहिती अधिकारात तर नमुने मिळवण्याचा हक्कही लिहिलेला आहे. महापालिकेच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी त्यात बसवता येईल असं मला वाटतं, कुणीतरी मागून बघायला हवं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाची चालू आकडेवारी मंडळांच्या संकेतस्थळावर लोकांसाठी खुली ठेवायला सांगितलं. साखर आणि मद्यार्क कारखान्यांना सांडपाण्याची सतत मोजणी करणारी यंत्रं त्याच्याही आधीपासून बंधनकारक आहेत. कायदा आपल्याला दारापर्यंत आणून सोडतो. पुढची कडी वाजवायची ती आपणच.

आणि आता जे कुणी बोलत नाही ते. नदीत मळी सोडल्याचा आरोप ज्या कारखान्यांवर होतो, त्यांतले कितीतरी सहकारी आहेत. म्हणजे ते आपलेच आहेत. मेलेला मासा हातात धरून मोर्चात पुढे असणारा शेतकरी बऱ्याचदा त्याच खोऱ्यातल्या कारखान्याचा सभासद असतो. त्याच्या नावावर शेअर आहे, दिवाळीला सवलतीची साखर आहे आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत बोलायचा हक्क आहे. मी अशा सभा पाहिल्या आहेत. उसाच्या दरावरून खुर्च्या उडतात, काटा मारतात म्हणून आरडाओरडा होतो, ‘मंजूर, मंजूर’च्या घोषणेत पंधरा विषय पाच मिनिटांत उरकतात. सांडपाण्याचं काय करता, मळीच्या टाकीची क्षमता किती, मंडळाच्या नोटिसा किती आल्या आणि त्यांना उत्तर काय दिलं, हे विचारणारा हात मी वर झालेला पाहिलेला नाही. अधिकाऱ्याला बंधाऱ्यावर अडवणं सोपं असतं, कारण तो परगावचा असतो. चेअरमनला सभेत अडवणं अवघड, कारण पुढच्या हंगामात ऊसतोडीची टोळी त्याच्याच शब्दाने येणार असते. लोकसहभागाची खरी परीक्षा त्या मांडवात आहे. लेखी प्रश्न आधी देता येतो, तो अहवालात छापायचा आग्रह धरता येतो. एकट्याने दिला तर टोळी उशिरा येईल. दोनशे जणांनी दिला तर कुणाची उशिरा पाठवणार?

शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातूनही नदीत जातंच. पाटपाण्यावर ओतलेला युरिया, तणनाशक, गोठा धुतलेलं पाणी, गावाच्या गटारी. नदीकाठच्या गावांचं सांडपाणी मोठ्या शहरांपेक्षा कमी असेल, पण ते बहुतेक ठिकाणी कशातूनही न जाता नदीत येतं. दुसऱ्याच्या नाल्याचा हिशेब मागणाऱ्या ग्रामपंचायतीला आपल्या गटारीचा हिशेब द्यावा लागेल. त्याची तयारी नसेल तर तेरवाडचा आवाज कोल्हापुरात कुणी ऐकणार नाही.

हे सगळं सरकारचं काम आहे, ते लोकांच्या गळ्यात का घालता, असं माझा एक मित्र विचारतो. महाराष्ट्राने प्रदूषणाचा कायदा केला १९६९ मध्ये, केंद्राच्या आधी. प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं १९७० मध्ये. आणि २०२२ च्या केंद्रीय अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले गेले, त्यांतले सर्वांत जास्त, ५५, महाराष्ट्रात. काम सरकारचंच आहे, राहायलाही हवं. पैसा, पाईप, पंप, खटला हे गावाने करायचं नाही. गावाने फक्त झोपायचं नाही. घराला चौकीदार ठेवला तरी आपण रात्री एकदा उठून कडी बघतोच.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आणि इरिगेशन संस्थांनी मिळून एक नदी पंचायत उभी करावी, तिचं अध्यक्षपद कायम सर्वांत खालच्या गावाकडे राहावं. वरच्या गावाला नदी साफ असल्याचं जाहीर करायचा हक्कच नको. पंचगंगा साफ आहे का, याचं उत्तर कोल्हापूरच्या घाटावर नको, ते नृसिंहवाडीच्या घाटावर द्यायचं. असा कुठला शासन निर्णय नाही. पण कोल्हापूर पद्धतीचा बंधाराही आधी कुठल्या पुस्तकात नव्हता. पाणी कोणी किती घ्यायचं, उपसाबंदी कधी पाळायची, वरच्या बंधाऱ्याने खालच्याला पाणी कधी सोडायचं, हे भांडत-भांडत इथल्या माणसांनी बसवलं आणि आज ते चालतं. पाणी किती यावर एवढी रीत बसली, पाणी कसलं यावर काहीच बसली नाही. उन्हाळ्यात खाली पाणी द्यायला बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात तेव्हा महिनाभर साचलेलं काळं पाणीही पुढच्या बंधाऱ्यात ढकललं जातं. पाणी सोडायच्या पाळ्यांचं जे पाळीपत्रक असतं त्यात त्याची ओळ नसते. मासे मेल्यावर राधानगरी धरणातून पाणी सोडून नदी धुऊन काढा अशी मागणी होते, म्हणजे आपली घाण पुढे लोटायला शेतीचं पाणी वापरायचं.

परतीचा पाऊस थांबला की बरगे पडायला लागतील. त्याआधी गोदामातून ते बाहेर काढून मोजतात, कुजलेले बाजूला ठेवतात, गळती कुठे होती ते माणसं आठवून सांगतात. त्या दिवशी बंधाऱ्यावर दोन्ही काठची माणसं असतात, पाटबंधारेचा माणूसही असतो. पाणी अडवायच्या आत वाहत्या पाण्याची एक बाटली भरून ठेवायची, आणि मग दर आठवड्याला एक. पहाटे पाच वाजता, ऑफिस उघडायच्या आत.